शेजाऱ्यांना विचारून या

माझं लग्न खरोखर झालं आहे का, हे माझ्या सासरच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकांना विचारण्यात आलं. ते म्हणाले, "नाही बुवा. झालं असतं तर आम्हाला जेवायला नसतं का बोलावलं?" उत्तर अगदी प्रामाणिक होतं. त्या प्रामाणिकपणाची किंमत आम्ही दोघांनी पाच महिने मोजली. माझी नणंद ती अजून मोजते आहे.

थोडं मागून सांगते. मी जर्मनीत सॉफ्टवेअरचं काम करते, ब्लू कार्डावर. नवरा पुण्यातल्या माझ्याच इंजिनिअरिंग कॉलेजातला, एक वर्ष पुढचा. आमची दोन आडनावं शेजारी शेजारी ठेवली की महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला जे कळायचं ते कळतं. त्यामुळे दोन्ही घरांत आधी अबोला, मग रडारड आणि शेवटी तह असा रीतसर क्रम पार पडला. तहाची अट एकच होती. धाकट्या नणंदेचं जमेपर्यंत गावात बोभाटा करायचा नाही. लग्न तिकडेच उरका, मांडव नंतर घालू. मला ही अट तेव्हाही आवडली नव्हती, पण आईवडिलांचे चेहरे बघितले की तत्त्वं जरा बाजूला ठेवावीशी वाटतात. ठेवली.

आधी जर्मनीतच लग्न करायचं ठरवलं. तिथल्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला आपल्या देशाकडून 'याच्या लग्नाला काही अडचण नाही' असा दाखला आणावा लागतो. भारतात त्यांना हवा तसा दाखला कुणी देतच नाही. मग त्या दाखल्यातून सूट मिळावी म्हणून तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज जातो, आणि त्या अर्जासोबत जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं, असं सगळं लागतं. नवऱ्याचा जन्माचा दाखला मागवला आणि पहिल्यांदा नीट वाचला. बाळाचं नाव: कोरं. आईचं नाव: मंदाकिनी. माझ्या सासूबाईंच्या पासपोर्टवर, आधारवर आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर आईचं नाव आहे वैशाली.

हे वाचून ज्यांना आश्चर्य वाटलं असेल त्यांनी आपापल्या घरातली पत्र्याची पेटी उघडून बघावी. यात चूक कुणाची ते मी बरेच दिवस शोधत होते, आणि सापडलं ते असं की कुणीच चुकलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून १९९६ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखान्यात नाव लिहून द्यायला गेला तो मामा. मामानं बहिणीचं नाव सांगितलं ते तो जन्मापासून ज्या नावानं तिला हाक मारत होता ते. सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव त्याच्या तोंडात बसलेलंच नव्हतं. आणि बाळाचं नाव? बारसं बाराव्या दिवशी. दवाखाना नोंद पाठवून मोकळा होतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असा नियम आहे, पण दवाखाना बारशाची वाट बघत बसत नाही. नाव मागाहून जाऊन घालता येतं, वर्षभर फुकट आणि पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. गेलं कोण? शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोंडी विचारलं तेच लागलं, आणि त्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला हाच आमच्याकडे माणसाचा खरा जन्मदाखला झाला. म्हणजे बारसं, माहेर आणि लग्नात बाईचं नाव बदलणं, या तीन गोष्टी ज्या समाजात आहेत तिथे ही चूक होणारच. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा ज्यांनी केला त्यांच्या घरीही बारशी होत असतील. फॉर्म आखताना ती कुणाला आठवली नाहीत.

आम्ही जे डेटाबेस बनवतो त्यात एक नियम असतो. माणसाची ओळख पटवायला असा रकाना घ्यायचा नाही जो बदलतो. आपण ओळख पटवायला आईचं नाव घेतो आणि मग लग्नात तेच पुसून टाकतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. पण आईचं कोणतं नाव, हा प्रश्न माझ्या घरात तेव्हा साडेतीनशे युरोंना पडला होता.

दाखला दुरुस्त करायला सासरे गेले. एका खिडकीवर सांगितलं, पंधरा वर्षं उलटली. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, मुदत वाढवलीय, पण आईचं नाव बदलता येणार नाही, ते कोर्टातून. तिसऱ्या माणसानं, जो खिडकीत नव्हता, चहाच्या टपरीवर होता, सांगितलं की होऊन जाईल. सासरे निवृत्त शिक्षक, त्यांना टपरीवरचा मार्ग पटेना. शेवटी एक प्रतिज्ञापत्र झालं की मंदाकिनी आणि वैशाली या दोन्ही एकच बाई आहेत. साठीतल्या सासूबाईंनी वकिलासमोर बसून, मी मीच आहे, अशी शपथ घेतली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मला कुणी मंदा म्हणून हाक मारली त्याला आता तीस वर्षं झाली. वकिलानं मारली."

या कागदांना मंत्रालयात शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशानं आणखी शंका न घेता मानावा यासाठी हेगच्या करारानुसार लागणारा शिक्का. भारत या करारात २००५ साली आला. तेव्हा जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदवली आणि ती अजून मागे घेतलेली नाही. म्हणजे जगातल्या शंभरावर देशांत चालणारा हा शिक्का भारत आणि जर्मनी या दोघांत चालत नाही. इथपर्यंत एक वेळ ठीक आहे. पण अपोस्टिल नसेल तिथे जो जुना मार्ग असतो, वकिलातीनं स्वतः कागद प्रमाणित करण्याचा, तोही जर्मनीनं भारतापुरता बंद ठेवला आहे. कारण उघड सांगितलेलं आहे: भारतातल्या नागरी नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. मग उरतं काय? पडताळणी. वकिलातीनं नेमलेला एक स्थानिक वकील कागद घेऊन नोंदणी कार्यालयात जातो, रजिस्टर बघतो, गरज वाटली तर घरी जातो, शेजारीपाजारी चौकशी करतो. याला महिने लागतात. खर्च अर्जदाराचा.

आता इथे माझ्या ओळखीची मंडळी दोन गटांत विभागतात. पहिला गट म्हणतो, गोऱ्यांचा माज आहे. दुसरा म्हणतो, बरोबरच आहे त्यांचं, आपल्याकडे काय वाट्टेल ते कागद मिळतात. दुसऱ्या गटात बहुतेक ते लोक असतात ज्यांचे वडील शहरात नोकरीला होते आणि ज्यांचा जन्म मोठ्या हॉस्पिटलात झाला. "कागदपत्रं वेळच्या वेळी नीट करून ठेवायची," असं ते मला समजावतात, जणू १९९६ साली बारा दिवसांच्या बाळानं नगरपरिषदेत खेटे घालायला हवे होते.

माझं म्हणणं दोघांनाही पटत नाही. भरवसा नाही हे जर्मनीचं म्हणणं खरं आहे, हे मी मान्य करते. आपलं सरकार तरी आपल्या दाखल्यांवर कुठे भरवसा ठेवतं? २०२५ च्या सुरुवातीला उशिरा झालेल्या जन्मनोंदींचे दाखले देणं महाराष्ट्र सरकारनं काही काळ थांबवलं, घुसखोरांना ते दिले गेल्याच्या आरोपावरून. ज्यानं दिले त्या यंत्रणेची चौकशी व्हायची ती होवो. पण खोळंबले कोण? ज्यांची आई शेतात बाळंत झाली आणि ज्यांच्या बापाला नोंद करायची असते हे ठाऊक नव्हतं ते. लग्नांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा म्हणून सांगितलं. महाराष्ट्रात तर १९९८ चा वेगळा कायदा आहे. तरी एखादा माणूस अविवाहित आहे हे सांगू शकेल असं एकही रजिस्टर या देशात नाही. म्हणून तर प्रतिज्ञापत्रं.

माझा प्रश्न वेगळा आहे. रजिस्टर सरकारनं नीट ठेवलं नाही. अविश्वास दुसऱ्या सरकारनं दाखवला. मग दंड तिसऱ्यालाच का?

माझ्या धंद्यातलं उदाहरण देते. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा ब्राउझर त्या साइटचं सर्टिफिकेट तपासतो, आणि ते देणाऱ्या संस्थेवर त्याचा विश्वास असावा लागतो. २०११ साली डिजिनोटार नावाच्या डच संस्थेत कुणी तरी घुसलं आणि खोटी सर्टिफिकेटं काढली. सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला आणि त्याच महिन्यात ती दिवाळखोर झाली. योग्यच झालं. पण ज्यांच्या साइटवर तिचं सर्टिफिकेट होतं ते लोक दुसऱ्या संस्थेकडे जाऊन नवं घेऊ शकत होते. आणि मुख्य म्हणजे शिक्षा झाली ती डिजिनोटारला. माझ्या नवऱ्याला दुसरी नगरपरिषद निवडता येत नाही, त्याचा जन्म एकदाच झालेला आहे. आणि त्या नगरपरिषदेचं काय झालं? काही नाही. तिला हे माहीतही नाही की सात हजार किलोमीटरवर एका टेबलावर तिच्यावर अविश्वासाचा ठराव झाला आहे.

अविश्वासाला दुसरी बाजू आहे आणि ती मला लपवायची नाही. गावात एक बायको ठेवून परदेशात दुसरी करणारे आपल्यात आहेत. लग्न करून, हुंडा घेऊन, 'व्हिसा आला की बोलावतो' सांगून गेलेले आणि पुन्हा फोन न उचललेले नवरे पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत सगळीकडे आहेत. कुणी तरी गल्लीत जाऊन विचारलं असतं तर एखादी पोरगी वाचली असती, हे खरं आहे. मला पडताळणीच नको असं मी म्हणत नाही. पण ही पडताळणी पकडते काय ते बघा. ती विसंगती पकडते. खोटं बोलणाऱ्याच्या फाइलीत विसंगती नसते, कारण त्यानं सगळे कागद एकाच आठवड्यात, एकाच टपरीवरून करून घेतलेले असतात. मंदाकिनी आणि वैशाली असा घोळ खऱ्या माणसाच्याच आयुष्यात सापडतो.

तर सगळीकडून दमून आम्ही डेन्मार्कला गेलो. जर्मनीतल्या परदेशी जोडप्यांचा हा जुना रस्ता आहे. डेन्मार्कमध्ये अर्जाची छाननी एक मध्यवर्ती कार्यालय करतं, आणि पहिलंच लग्न असेल तर जन्मदाखल्यांचे ढिगारे मागत नाही. मे २०२३ मध्ये, सीमेलगतच्या ट्योनर गावी, एका सरकारी खोलीत, दहा मिनिटांत लग्न झालं. लाल चष्मा लावलेल्या बाईंनी आमची नावं जपून उच्चारली. लग्नानंतर नाव बदलणार का, असं दोघांनाही विचारलं. आधी त्याला! तो इतका गोंधळला की माझ्याकडे बघायला लागला. पाच भाषांत छापलेलं प्रमाणपत्र मिळालं. जर्मनी ते विनाशिक्का मानते, कारण ते युरोपचं आहे. भारतात चालावं म्हणून त्यावर डेन्मार्कचं अपोस्टिल घेतलं, ते भारत मानतो. म्हणजे आम्ही दोघं ज्या देशात एकूण दोन रात्री राहिलो त्याच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास.

शेंगेन व्हिसावर आलेला नवरा परत गेला आणि जुलैत त्यानं जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज केला. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षाही माफ असते. आम्हाला वाटलं, दोन-तीन महिने. ऑक्टोबरमध्ये माझ्या शहरातल्या कार्यालयाचं पत्र आलं. लग्न डेन्मार्कचं असलं तरी लग्नाच्या वेळी तो अविवाहित होता का हे त्याच्या मूळ देशाच्या नोंदींवरून ठरतं, आणि जन्मदाखल्यावर नाव नाही, आईचं नाव जुळत नाही. पडताळणी. शुल्क भरावे.

जानेवारीत ते गृहस्थ आले. वागायला सभ्य होते, सासूबाईंनी चहा दिला, तो त्यांनी घेतला. कागद बघितले. मग बाहेर पडून गल्लीत चार घरं विचारलं. इथे नीट लक्ष द्या. 'या मुलाचं लग्न झालंय का' एवढंच विचारून त्यांचं काम भागत नव्हतं. जर्मनीतल्या अमुक अमुक मुलीशी झालंय का, असं माझ्या संपूर्ण नावानं, आडनावासकट विचारलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दोन दिवसांत नणंदेचं जिथं जुळत आलं होतं तिथपर्यंत पोचलं. त्यांनी वाईट शब्द काढला नाही. "विचार करून कळवतो," म्हणाले.

अहवालात काय गेलं ते आम्हाला फेब्रुवारीच्या पत्रातून समजलं: परिसरातील लोकांना या विवाहाची माहिती नाही. म्हणजे आधी संशय होता की तो आधीच विवाहित असेल. शेजाऱ्यांनी 'नाही' सांगून तो फेडला, आणि त्याच 'नाही'मुळे नवा संशय आला की माझ्याशी झालेलं लग्नच दाखवायपुरतं असेल. एका उत्तरानं माणूस दोन्हीकडून कसा अडकतो हे मला कुणी कॉलेजात लॉजिक शिकवताना सांगितलं असतं तर विषय लक्षात राहिला असता.

मग दोघांची एकाच वेळी, दोन देशांत, वेगवेगळी मुलाखत. ट्योनरमध्ये नाश्त्याला काय होतं? त्याच्या बहिणीचं नाव काय, ती काय करते? सासूबाईंचं नाव काय? या प्रश्नाला मी थांबले. दोन्ही सांगितली. अधिकारी बाईंनी विचारलं, तुम्ही त्यांना कोणत्या नावानं हाक मारता? मी म्हटलं, आई. त्यांनी ते लिहून घेतलं. तिकडे माझ्या लग्नाला कुणी का आलं नाही या प्रश्नाला नवऱ्यानं काय सांगावं? 'जात' हा शब्द त्यानं उच्चारला, दुभाष्यानं केला तो अनुवाद त्यालाच कळला नाही. आपल्या घरात दारं लावून जे बोललं जात होतं ते आता एका परक्या सरकारच्या फाइलीत, तारखेसह.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांनी स्थलांतराचा मोठा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वर्षाची संख्या २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर केलं. दोन्ही वेळा आपल्याकडे पानभर बातम्या आल्या. २००५ च्या त्या हरकतीचं काय, हे माझ्या वाचनात तरी कुणी विचारलेलं नाही. माझा कोड चालतो, माझा कर चालतो, माझ्या डिग्रीची तपासणी एका वेबसाइटवर पाच मिनिटांत होते. माझ्या सासूबाईंचं नाव चालत नाही. आपल्या सरकारनं क्यूआर कोडवाले नवे दाखले काढलेत, छान आहेत, पण १९९६ च्या रजिस्टरातला कोरा रकाना क्यूआर कोडमध्येही कोराच येतो. ज्यांना नव्वद हजार माणसं पाठवायची आहेत त्यांनी त्या रकान्यांसाठी एक सरळ, कोर्टात न जाता, शपथेवर बाईला स्वतःची ओळख पटवायला न लावणारी दुरुस्तीची वाट काढावी. आणि ज्यांना नव्वद हजार हवी आहेत त्यांनी पडताळणीचा खर्च स्वतः करावा, कालमर्यादा घालावी आणि गल्लीत जाण्याआधी अर्जदाराला एकदा विचारावं की तिथं विचारल्यानं कुणाचं काही बिघडणार आहे का. एवढा एक प्रश्न. मी एक पानभर उत्तर लिहून दिलं असतं.

मेमध्ये मी सुट्टी काढून आले आणि मांडव घातला. आता लपवण्यासारखं उरलंच नव्हतं, शिवाय माझ्या जर्मन वकिलाचं म्हणणं होतं की नातेवाईकांसह समारंभाचे फोटो जोडले तर बरं. हळद, अक्षता, सप्तपदी, सगळं झालं. फोटोग्राफरला मी सांगून ठेवलं होतं की चेहरे स्पष्ट हवेत. सासऱ्यांना वाटत होतं, आता इथल्या नगरपरिषदेतही लग्नाची नोंदणी करून टाकू. मी जवळजवळ ओरडलेच. एका लग्नाच्या दोन तारखा झाल्या असत्या, आणि पुढची वीस वर्षं मी त्या दोन तारखा एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करत बसले असते.

व्हिसा जूनमध्ये आला. फोटोंमुळे आला की मुलाखतीमुळे, कुणी सांगितलं नाही.

फाइलीत जोडलेल्या बावीस फोटोंपैकी एकात गिरणीवाले काका पंगतीत पहिल्या रांगेत बसलेले आहेत, जिलबीचा तुकडा हातात. नणंद एकाही फोटोत नाही. त्या दिवशी तिची पुण्यात परीक्षा होती, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.